मानसूच्या तिथीचं ताट

भोपळ्याचे काप तळता तळता चानमीने आधी तेलाला शिव्या घातल्या, मग धुराला, आणि सरतेशेवटी मानसूला. मानसूला जाऊन तेहेतीस वर्षं झाली होती. पण आज त्याची तिथी होती, आणि तिथीला माणूस घरी जेवायला येतो म्हणतात. आला असेल दारापर्यंत तर ऐकू दे की! तिला काय कुणाची भीती होती?

“ए चानमी! तोंड कमी चालव आणि झारा जास्त चालव,” आतून मानसूची आई ओरडली. म्हातारी ऐंशीला टेकली होती. डोळे अधू झाले होते, आवाज मात्र शाबूत होता.

“दोन्ही चाललंय आई. तुम्ही पडा गप.”

खरं तर चानमी त्या घरची कुणीच नव्हती. सेमोरीच्या खाजणात लहानपणी दोघं एकत्र चिखलात लोळली, मोठेपणी बांधाआड एकत्र बसली, एवढंच. एकविसाव्या वर्षी ती राजधानीत, सोलला, शर्टांच्या कारखान्यात कामाला गेली. “सुगी झाली की तुझ्या आईकडे येतो, मागणी घालतो,” असं मानसू म्हणाला होता. सुगी व्हायच्या आतच एका सकाळी तो ओहोटीला खाजणात गेला. धुकं उतरलं, मागून उधाणाची भरती आली, आणि ‘बैलाचं नरडं’ म्हणतात त्या खोल चरात तो गावकऱ्यांना सापडला. चानमीला निरोप पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. ती परत आली ती इथलीच होऊन राहिली. खाजणात शिंपले वेचून पोट भरलं, आलेली स्थळं परतवून लावली, आणि दर वर्षी या घरात येऊन तिथीचा स्वयंपाक केला. कुणी विचारलंच, “बाई, हे कशाला?” तर म्हणायची, “म्हातारीला तळता येत नाही म्हणून.”

तिच्या स्वतःच्या घरी तिथी-बिथी काही नव्हतं. आई पक्की चर्चवाली; मेलेल्याला जेवू घालणं म्हणजे तिच्या लेखी पाप. त्यामुळे इथलं सगळं चानमी नुसतं बघून शिकली. का आणि कशासाठी ते कधी विचारलं नाही, कारण विचारलं की म्हातारी खेकसायची.

दिवस कलला. म्हातारीला जागरण झेपेना तेव्हापासून तिथी दिवेलागणीच्या आतच उरकायची. ताट मांडलं गेलं: मानसूचा बाविशीतला फोटो, पुढे मासे, धिरडी, तांदळाच्या वड्या, रस्सा, आणि भाताच्या वाटीत उभा रोवलेला चमचा. जिवंत माणसाचा चमचा वाटीशेजारी आडवा असतो, गेलेल्याचा भातात उभा. एवढं झालं की सगळ्यांनी बाहेर जायचं, दार ओढून घ्यायचं आणि नऊ घास खाऊन होतील इतका वेळ थांबायचं. कुणी टक लावून बसलं की पाहुण्याला जेवण जात नाही. मग घरातल्या माणसाने दाराशी तीन वेळा खोकायचं आणि दार उघडायचं. मागचं अंगणाकडचं दार तेवढं किलकिलं ठेवायचं, त्याला यायला.

चानमी सुकी बोरं ठेवायची विसरली होती. बशी घेऊन ती घाईने आत शिरली, आणि दोन हातांपलीकडचं न दिसणाऱ्या म्हातारीने बाहेरून दार लावून टाकलं.

हाक मारायला तिने तोंड उघडलं आणि मिटलं. अशा वेळी आतून ओरडायचं नसतं, एवढं तिला कळत होतं. ती फोटोसमोर मांडी घालून बसली.

“बघतोस काय? मी म्हातारी झाले, तू आहेस तसाच. लाज नाही वाटत? जेव आता.”

मागच्या दारातून वाऱ्याची झुळूक आली आणि तिला जळत्या कोळशाच्या विटांचा वास होता. हा वास सेमोरीत कित्येक वर्षांत कुणाच्या चुलीला आला नव्हता. कोण मेलं कोळसा जाळतंय, म्हणून ती दार लोटून अंगणात उतरली.

अंगणात सकाळ होती. वादळात पडलेली आणि केव्हाच चुलीत गेलेली बोर फळांनी लगडून उभी होती. आणि बोरीखाली उकिडवा बसून मानसू दात घासत होता.

“मावशी, कुणाकडे आलात?” त्याने तोंडातल्या फेसासकट विचारलं.

चानमीच्या हातातली बशी पडली, मागोमाग ती स्वतःच धपकन खाली बसली. रडू आलं नाही. इतक्या वर्षांत याच्यासाठी इतकं रडून झालं होतं की आता डोळ्यांनाच काही सुचेना. तोंडातून एवढंच निघालं, “पाय!”

“मुरगळला?”

“मुरगळला,” ती म्हणाली. त्याच क्षणी तिची नजर पडवीतल्या कॅलेंडरवर गेली. मोठ्या आकड्याखाली बारीक अक्षरात चंद्राची तिथी होती: पुनवेनंतरचा दुसरा दिवस, म्हणजे मानसूच्या तिथीचाच दिवस, आणि वर्षही तेच. भिंतीला त्याची चिखलावरून सरकायची फळी टेकवलेली होती, शेजारी फावडं होतं, आणि पायात घालायचे रबरी बूट तयार होते.

तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. असं कसं झालं, का झालं, ते नंतर बघू. आज भरती येऊन जाईपर्यंत या पोराला खाजणात पाऊल टाकू द्यायचं नाही.

“मोडलाय रे, मोडलाच,” तिने गळा काढला. “मेले, मेले! डोंगरापलीकडच्या हाडवैद्याकडे ने मला. आत्ताच्या आत्ता!”

“मावशी, ओहोटी लागलीय हो. दुपारी नेतो.”

“दुपारी माझा पाय काळा पडेल, आणि त्याचं पाप तुझ्या डोक्यावर!”

मानसूची आई स्वयंपाकघरातून धावत आली. पंचेचाळिशी ओलांडलेली, ताठ कण्याची, तुकतुकीत गालांची. चानमीला बघून ती चुकचुकली. “अगं बाई, ताई! केवढं लागलंय तुम्हाला. जा रे मानसू, घे पाठीवर. चिखलातले ऑक्टोपस काय पळून जातायत?”

जी बाई आयुष्यभर हिला ‘ए चानमी’ म्हणून हाका मारत आली, ती हिला ताई म्हणत होती. चानमीला हसू फुटणार होतं, ते तिने कण्हण्यात लपवलं. कुणाला संशयही आला नाही. फुलाफुलांची ढगळ विजार, जांभळं रजईचं बिनबाह्यांचं जाकीट आणि कुरळे केलेले केस: खेड्यातली मावशी कुठल्याही काळात अशीच दिसते. मानसूची आई न्याहारीचं बघायला वळली तशी हिने फावडं ओढत नेऊन लोणच्याच्या रांजणामागे सारलं, आणि मगच त्याच्या पाठीवर चढली.

डोंगराची वाट चढणीची होती. मानसू धापा टाकत होता.

“मावशी, वजन बरंच आहे हां.”

“वजन नाही ते, वय आहे.”

“नाव काय तुमचं?”

खरं नाव सांगायची सोय नव्हती. पहिलं आठवलं ते तिने ठोकून दिलं. “किल्सून.”

“वा! माझ्या पणजीचं नाव किल्सूनच होतं.”

“मग पणजीसारखाच मान दे. नीट चाल.”

त्याच्या मानेला उन्हाचा आणि साबणाचा वास होता. तिने गाल त्याच्या पाठीला टेकवला. चोपन्न वर्षांची बाई, केसांना रंग लावलेली, गुडघ्यांना मलम चोळणारी, आणि काळीज धडधडत होतं एकविशीतल्यासारखं. काय हा वेडेपणा, असं तिने स्वतःला बजावलं, आणि गाल तिथेच ठेवला.

“पोरगी-बिरगी आहे की नाही रे कुठे?” तिने विचारलं.

“आहे ना. सोलला गेलीय कामाला. चानमी.”

“कशी आहे?”

“जीभ म्हणाल तर कात्री. एकदा बोलायला लागली की समोरच्याचे कपडे फाटतात.” तो हसला. “पण ती गेल्यापासून गाव मुकं झाल्यासारखं वाटतंय. तिची आई आजारी आहे, तिच्यासाठी ऑक्टोपस धरणार होतो. ऑक्टोपसच्या रश्श्याने पडलेला बैल उठतो म्हणतात. म्हातारी उठून बसली की तिथेच विचारणार, तुमची पोरगी देता का म्हणून.”

चानमीने त्याच्या खांद्यांवरची पकड घट्ट केली. म्हणजे हा तिच्या आईच्या रश्श्यासाठी चिखलात गेला होता! इतक्या वर्षांत हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, कारण हे कुणाला माहीतच नव्हतं.

“तिच्या आईला ऑक्टोपस आवडत नाही,” ती घोगऱ्या आवाजात म्हणाली.

“तुम्हाला काय माहीत?”

“चर्चवाल्या बायकांना नाही आवडत. कोंबडी ने.”

हाडवैद्याने पाय दाबून, फिरवून पाहिला आणि याला धाड भरलेली नाही असं सांगितलं. चानमीने त्यालाच वेड्यात काढलं. परतताना तिला तहान लागली, मग चक्कर आली, मग सावली हवी झाली. ते गावात पोचले तेव्हा भरती येऊन बंधाऱ्याला भिडली होती. दिवसभर आभाळ निरभ्र होतं. धुक्याचा मागमूस नव्हता. माझी धडपड बघून धुक्यानेसुद्धा हाय खाल्ली, असं तिला वाटलं.

संध्याकाळी पडवीत मानसू तिच्या समोर बसून जेवत होता. कोबीची तिखट किमची कुडुमकुडुम चावत होता, रस्सा भुरकत होता, आईने चापट मारली की खी खी करत होता. जिवंत होता. चानमीचा जीव भांड्यात पडला. ती तीन वाट्या भात जेवली. तेहेतीस वर्षांत तिला अशी भूक लागली नव्हती.

“माझं फावडं कुठे गेलं देव जाणे,” मानसू म्हणाला. “उद्या पहाटे जायचं होतं.”

“फावडं होय?” चानमी लंगडायचंही विसरून उठली, रांजणामागे गेली आणि स्वतःच्या हाताने फावडं आणून त्याच्यापुढे ठेवलं. “हे घे. उद्या खुशाल जा बाबा. उद्या जा, परवा जा, रोज जा!”

मग ती मानसूच्या आईशेजारी आडवी झाली. आता कुठूनतरी तीन खोकले येतील आणि आपण आपल्या जागी जाऊ, असं ती धरून चालली होती. खोकले आले नाहीत. त्याचं नवल वाटायच्या आतच तिला गाढ झोप लागली.

सकाळी जाग आली तेव्हा खोलीत दुधासारखा उजेड होता. मानसूची आई चुलीवर भात परतत होती.

“उठलात ताई? पाय कसा आहे?”

“छान आहे. सगळं छान आहे,” चानमीने आळस दिला. तिला आज सगळ्या जगाशी गप्पा माराव्याशा वाटत होत्या. “मानसूच्या वडिलांना जाऊन किती झालं गं?”

“होतील आठ वर्षं. पुढच्या महिन्यात पुनवेला तिथी. दुसऱ्या दिवशी गेले ते.”

“कशाच्या दुसऱ्या दिवशी?”

“तिथीच्या.”

चानमी हसली. “असं कसं? गेले त्याच दिवशी तिथी ना?”

“अगं बाई, ताई, तुमच्याकडे करत नाहीत वाटतं.” मानसूच्या आईने झारा बाजूला ठेवला. “गेलेल्या दिवशी माणूस गेलेला असतो, त्याला कुठून बोलावणार? त्याच्या आदल्या दिवशी तो जिवंत असतो. आपल्यात जेवत असतो, हसत असतो. म्हणून त्या दिवशी ताट मांडायचं. शेवटचं जेवला तो दिवस खरा.”

चानमी अंथरुणातून ताडकन उठली. काल संध्याकाळची पडवी, भुरकलेला रस्सा, ती खी खी. शेवटचं जेवला तो दिवस.

“मानसू कुठंय?”

“गेला की उजाडताच. तुम्हीच म्हणालात ना, खुशाल जा.”

तिने दार लोटलं. बाहेर अंगण नव्हतं, बोर नव्हती. हाताचा पंजाही दिसू नये इतकं धुकं होतं.

“तुझी फळी दे! परात आण!” चानमीने किंचाळून सांगितलं. “पितळेची परात आणि लाटणं घेऊन बंधाऱ्यावर उभी राहा आणि बडवत राहा. हात तुटला तरी थांबायचं नाही. ऐकतेस ना गं? मी ‘आला’ म्हणेपर्यंत थांबायचं नाही!”

“ताई, तुमचा पाय—”

“खड्ड्यात गेला पाय!”

काल स्वतःच त्याच्या हातात फावडं दिलं होतं. हे आठवलं तसं तिने स्वतःच्या तोंडात मारून घेतली आणि धावत सुटली.

बंधाऱ्यावरून तिने फळी चिखलात टाकली, एक गुडघा फळीवर ठेवला आणि दुसऱ्या पायाने रेटा दिला. हे काम तिने आयुष्यभर केलं होतं. सेमोरीच्या खाजणातला प्रत्येक चर ती डोळे मिटून ओळखायची, आणि आज डोळ्यांचा उपयोग नव्हताच. उधाणाचं पाणी समोरून येत नाही, ते आधी चरांमधून शिरून माणसाच्या पाठीमागे जातं, हे कळायचं पोराचं वय नव्हतं. मागून परातीचा ठणठणाट सुरू झाला. तो उजव्या कानाच्या मागे ठेवत ती बैलाच्या नरड्याकडे निघाली.

“मानसू! ए मानसू!”

नुसतं पाण्याचं खळखळणं.

“मानसू! मेल्या, ओ दे!” आणि ‘मेल्या’ म्हटल्यावर तिला हुंदका फुटला. “नाही रे, मेल्या नाही. नुसता ओ दे.”

“मावशी?” आवाज डावीकडून आला. अगदी जवळून.

तो चराच्या काठाला मांडीपर्यंत रुतला होता आणि पाणी कमरेला लागलं होतं. चेहरा पांढराफटक. पाय उपसायला जीव खाऊन हिसके देत होता.

“हलू नकोस गाढवा! जितका उपसशील तितका आत जाशील.”

“मावशी, तुम्ही परत जा. पाणी चढतंय.”

“गप्प बस. मी एकदा लांब राहिले होते, पुरे झालं तेवढं.” तिने फळी त्याच्या छातीखाली सरकवली. “आडवा हो. पोटावर झोप. सगळा भार फळीवर टाक.”

मग तीही पाण्यात उतरली आणि त्याच्या मांडीच्या कडेने हात चिखलात खुपसला. असं करून पाण्याला खाली वाट करून द्यायची, पाणी आत गेलं की चिखल पकड सोडतो. बोटं बधिर झाली. पाणी तिच्या छातीला लागलं. ती बडबडतच होती, कारण गप्प बसली असती तर धीर सुटला असता. “टाच फिरव. ओढू नकोस, फिरव. बूट राहू दे तिथेच, बूट काय लग्नात घालायचाय?” आणि एकदम फसक्कन आवाज झाला, पाय मोकळा झाला, आणि दोघंही फळीवर पालथी पडली.

दोन बाजूंनी फळी धरून, निम्मं पोहत निम्मं रेटत ती परातीच्या आवाजाकडे निघाली. पाणी गुडघ्यांवर आलं तेव्हा मानसूला बोलायचं भान आलं.

“तुम्ही कोण आहात, मावशी? मी इथे असेन हे कसं कळलं?”

आता लपवायला तिच्यात त्राणच नव्हतं. तिने सगळं सांगून टाकलं: बैलाचं नरडं, तिथी, भातात उभा चमचा, लावलेलं दार, तीन खोकले, आणि स्वतःचं नाव.

मानसू थांबला. दात वाजत होते तरी त्याला हसू आलं. “माझी तिथी? मी जिवंत असताना? आणि तुम्ही चानमी? काहीतरीच! चानमी केवढी सुंदर आहे.”

चानमीने त्याच्या पाठीत असा धपका घातला की तो फळीवर आदळला. “तेहेतीस वर्षं चिखलात काढ तू, मग बघते तुझं सौंदर्य!” आणि तिने ओले केस मागे सारून डावा कान पुढे केला. कानामागे गळाच्या आकाराचा जुना व्रण होता. “सात वर्षांची होते. तुझा गळ अडकला. रडायला लागलास आणि माझ्या आईला सांगितलंस की मांजराने ओरबाडलं. आठवतंय?”

मानसूने त्या व्रणावर बोट ठेवलं. हे तिसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं. मग तो नुसता फळी रेटत राहिला. बंधारा जवळ आला तेव्हा त्याने हळूच विचारलं, “तू इतकी वर्षं एकटी राहिलीस?”

“तुझी आई होती ना. ती काय कमी आहे?”

परातीचा आवाज आता कानठळ्या बसवत होता. “आला!” चानमी ओरडली. “बाई गं, आला तुझा पोरगा!” परात दगडावर आदळली. मानसूची आई बंधाऱ्यावरून घसरत खाली आली, तिने त्याला कवटाळलं आणि दुसऱ्या हाताने बडवू लागली. रडणं, मार आणि शिव्या, सगळं एकाच वेळी चाललं होतं.

चानमी चार पावलं मागे धुक्यात उभी राहिली. अंगभर चिखल होता, आणि छातीवरचा इतक्या वर्षांचा धोंडा जागेवर नव्हता. आता पुढे याने कुणाशीही संसार करावा. कुठल्याही पोरीशी करावा, सुखाने करावा. असला म्हणजे झालं.

तेवढ्यात खोकला ऐकू आला.

एक. चानमीने मान वळवली. म्हातारीचा खोकला ती ओळखायची, सुकलेल्या पानासारखा बारीक. हा तो नव्हता.

दोन. हा जाडाभरडा होता, छातीतून आलेला, पुरुषी.

तीन.

ती आतल्या खोलीत मांडी घालून बसली होती. ताट समोर होतं. मासे, धिरडी, तांदळाच्या वड्या, रस्सा, किमची, वाफाळता भात. फोटो नव्हता. आणि चमचा वाटीशेजारी आडवा ठेवला होता.

दार उघडलं. दारात एक टकला, पोट सुटलेला, चष्मा लावलेला माणूस उभा होता. चष्म्याच्या काचा ओल्या झाल्या होत्या.

“आलीस?” तो म्हणाला. “सकाळपासून घसा साफ करून बसलोय. नेमक्या वेळी खोकलाच आला नाही तर काय करायचं, याची धास्ती होती.”

चानमीने हात पुढे केला आणि त्याच्या गालाला लावला. गाल खरखरीत होता, गरम होता.

“हे जांभळं जाकीट गेल्या वर्षी बाजारातून आणलंस ना,” तो तिच्या समोर बसत म्हणाला, “तेव्हाच मी ते ओळखलं. म्हटलं, वेळ आली. इतकी वर्षं बघत होतो, तुझा चेहरा कधी त्या मावशीसारखा होतो ते. आज तिथीचा दिवस. तुला या खोलीत बसवलं, दार लावलं आणि बाहेर उभा राहिलो. तुला कधी सांगितलं नाही. मला वेड्यात काढलं असतंस.”

“आपण...” चानमीचा आवाज चिरकला. “आपलं लग्न...?”

“झालं. तुझ्या आईला कोंबडी नेली होती.” तो हसला, अगदी तसाच, खी खी करत. “तुला काही आठवत नसणार, मला माहितीये. त्या मावशीला आपल्या संसारातलं काहीच ठाऊक नव्हतं. तेव्हाच कळलं मला, की एक दिवस तू अशी कोरी परत येशील. घाबरू नकोस. मी सगळं लक्षात ठेवलंय. सांगतो एकेक. आधी आपल्या लेकीचं नाव सांगतो, ती संध्याकाळच्या बसने येतेय.”

“लेक आहे?”

“आहे. किल्सून.”

चानमीचे डोळे विस्फारले. “किल्सून? अरे, माझ्या पोरीला तुझ्या पणजीचं नाव? अक्कल गहाण ठेवली होतीस का? शाळेत पोरांनी छळलं असेल तिला!”

“बाळंतपणाच्या खाटेवर तू अगदी हेच बोलली होतीस,” मानसू म्हणाला आणि त्याने चष्मा काढून डोळे पुसले. “शब्दन् शब्द.”

“भांडण नंतर करा, भात निवतोय!” पडवीतून म्हातारीचा आवाज आला.

चानमीने चमचा उचलला आणि त्याच्या हातात दिला. तो जेवायला लागला. किमची कुडुमकुडुम चावत होता, रस्सा भुरकत होता, शितं हनुवटीला लागली होती. ती समोर बसून बघत राहिली, आणि आता मात्र तिचे डोळे घळघळा वाहू लागले. या ताटात तिने वर्षानुवर्षं वाढलं होतं, आणि दर वेळी वाटी भरलेली तशीच उचलली होती.

मानसूने वाटी चाटूनपुसून साफ केली आणि तिच्यापुढे धरली.

“अजून आहे का गं? थोडा वाढ.”